साखरेच्या बेटांवर एक हिवाळा

वेस्ट इंडीज म्हटले की आपल्या वस्तीतल्या पोरांना क्रिकेट आठवते. सोबर्स, लॉइड, रिचर्ड्स ही नावे, ज्यांनी त्यांचा खेळ कधी पाहिला नाही त्यांनाही पाठ असतात. पण वेस्ट इंडीज नावाचा एक देश जगाच्या नकाशावर कुठेच नाही. अमेरिका खंडाच्या पोटाशी, कॅरिबियन समुद्रात, धनुष्याच्या आकारात पसरलेली ही लहानमोठी बेटे आहेत. कोलंबस १४९२ साली भारताकडचा मार्ग शोधायला निघाला, इकडे पोहोचला आणि यालाच ‘इंडीज’ समजला. ते नाव पाचशे वर्षे तिथल्या माणसांना चिकटून राहिले. दुसऱ्याने दिलेले नाव पिढ्यान् पिढ्या वागवणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला वेगळे समजावून सांगायला नको!

युरोप-अमेरिकेत बर्फ पडू लागले की तिकडची पैसेवाली मंडळी या बेटांवर येतात. डिसेंबर ते एप्रिल इथे पाऊस कमी असतो, ईशान्येकडून सतत वारा वाहतो आणि हवा मुंबईच्या डिसेंबरसारखी सुखाची असते. जून ते नोव्हेंबर मात्र चक्रीवादळांचा काळ. म्हणून हिवाळा हाच इथला खरा हंगाम. कोणी शिडाच्या होडीने, कोणी फेरीबोटीने, कोणी छोट्या विमानाने एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जात सारा हिवाळा घालवतात.

आमचा भाचा नोकरीनिमित्त बार्बाडोसला असतो. ‘मामा, मामीला घेऊन एकदा या,’ हा त्याचा आग्रह तीन वर्षे चालू होता. अखेर गेल्या हिवाळ्यात साठलेली रजा काढली आणि ६ डिसेंबरचे चैत्यभूमीवरील अभिवादन आटोपून आम्ही उभयता निघालो. सहा आठवड्यांत चार बेटे पाहिली : बार्बाडोस, ग्वाडेलूप, डोमिनिका आणि सेंट लुसिया. चारही एकत्र केली तरी आपल्या रायगड जिल्ह्याच्या निम्म्याएवढीच भरतील.

निळे पाणी, पांढरी वाळू, नारळाची झाडे यांचे वर्णन पुष्कळांनी केले आहे. ते सारे तिथे आहेच. पण या बेटांवर आज राहणारी बहुतेक माणसे आफ्रिकेतून साखळदंडांत आणलेल्या गुलामांची लेकरे आहेत. गुलामी कायद्याने संपली. मग पुढे काय? मोकळ्या झालेल्या माणसाला माणूस म्हणून उभे राहायला काय काय लागते? हा प्रश्न आमच्या मनात होता. चार बेटांनी आम्हाला त्याची चार उत्तरे दिली.

बार्बाडोस : उचलून नेण्याचे घर

बार्बाडोस हे बेट मुंबईपेक्षाही लहान आहे. लोकवस्ती तीन लाखांच्या आत. इंग्रजांनी १६२७ साली इथे वसाहत केली, पुढे ऊस लावला आणि उसासाठी आफ्रिकेतून माणसे आणली. १६६१ साली इथे गुलामांसाठी स्वतंत्र कायदा झाला. मालकाने गुलामाला कसे वागवावे, किती फटके मारावेत, हे त्यात लिहिले होते. आम्हाला मनुस्मृतीची आठवण झाली. अन्याय करणाऱ्यांना कायद्याच्या पुस्तकाचा मोठा आधार वाटतो!

राजधानी ब्रिजटाऊनच्या बाहेर एका मोठ्या चौकात १९८५ साली उभारलेला पुतळा आहे. दोन्ही हात वर, मनगटांना तुटलेल्या साखळ्या. लोक त्याला ‘बुसा’ म्हणतात. बुसा हा गुलाम. त्याच्या नेतृत्वाखाली गुलामांनी उठाव केला, ती तारीख होती १४ एप्रिल १८१६. होय, १४ एप्रिल! भाच्याने ही तारीख सांगितली तेव्हा आम्ही दोघेही त्या पुतळ्यासमोर नकळत हात जोडून उभे राहिलो. उठाव चिरडला गेला. बुसा लढताना मारला गेला आणि शेकडो गुलामांना ठार करण्यात आले. या उठावात नॅनी ग्रिग नावाची एक बाई होती. मालकाच्या घरात काम करणारी, पण वाचता येणारी. ती वर्तमानपत्र वाचून इतरांना बातम्या सांगे आणि स्वातंत्र्य मागून मिळणार नाही, त्यासाठी लढावे लागेल, असे बजावी. आपल्या भगिनींनी हे नाव जरूर लक्षात ठेवावे.

१ ऑगस्ट १८३४ रोजी ब्रिटिशांनी आपल्या वसाहतींतील गुलामी बंद केली. त्यापोटी दोन कोटी पौंडांची नुकसानभरपाई दिली. कोणाला? गुलामांना नव्हे, मालकांना! त्यासाठी काढलेल्या कर्जाची शेवटची फेड ब्रिटिश सरकारने २०१५ साली केली. गुलामांना एक दमडीही मिळाली नाही. उलट ‘उमेदवारी’च्या नावाखाली १८३८ पर्यंत त्यांनी जुन्या मालकाकडे आठवड्यातील बहुतेक तास बिनपगारी राबायचे, असा नियम झाला.

नंतर ते मोकळे झाले, पण पायाखालची जमीन मळेवाल्याचीच राहिली. मळ्यावर राहायचे तर मळ्यावरच राबायचे. काम सोडले की जागा सोडायची. मग या लोकांनी एक युक्ती काढली. फळ्यांचे छोटे घर बांधायचे, पाया खणायचा नाही, नुसते दगडांवर टेकवायचे. मालकाने ‘चालते व्हा’ म्हटले की भिंती सुट्या करायच्या, गाडीवर लादायच्या आणि दुसरीकडे उभ्या करायच्या. अशी घरे आजही बार्बाडोसमध्ये जागोजागी दिसतात. रंगवलेली, खिडक्यांना झडपा असलेली, नेटकी. पर्यटक त्यांचे फोटो काढतात. आमच्या सहचारिणीने मात्र एकच वाक्य उच्चारले, ‘आपल्या झोपड्या पाडायला येत, तेव्हा आपणही पत्रे असेच मोजून बांधून ठेवत होतो.’ १९८० साली कायदा झाला आणि मळ्यांच्या जागेवर पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या कुटुंबांना ती जागा अल्प दरात विकत घेण्याचा हक्क मिळाला. गुलामी संपल्यानंतर जवळजवळ दीडशे वर्षांनी! आता अनेकांनी त्या फळ्यांच्या घरामागे पक्क्या भिंतींची खोली बांधलेली दिसते.

आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी. बार्बाडोसमधील प्रत्येक समुद्रकिनारा कायद्याने सार्वजनिक आहे. हॉटेल कितीही मोठे असो, वाळू आणि पाणी सर्वांचे. मात्र किनाऱ्याकडे जाणाऱ्या वाटा हॉटेलांच्या भिंतींमध्ये आक्रसत चालल्याची लोकांची तक्रार असते आणि ते त्याविरुद्ध आवाज उठवतात. भाचा म्हणाला, ‘मामा, हक्क कागदावर असला तरी वाट मोकळी ठेवावी लागते.’ २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेणाऱ्या माणसांचा नातूच हे बोलू शकतो.

अशा या छोट्या देशाने २०२० साली राजधानीच्या चौकातला इंग्रज सेनापती नेल्सनचा पुतळा उतरवला आणि ३० नोव्हेंबर २०२१ रोजी ब्रिटनच्या राणीचे नाव बाजूला सारून स्वतःला प्रजासत्ताक जाहीर केले.

ताटातला इतिहास

या बेटांवर घरोघरी एक फळ भाजून, उकडून खातात. आपल्या कोकणात त्याला नीरफणस म्हणतात. हे झाड मूळचे पॅसिफिक महासागरातल्या बेटांवरचे. गुलामांना स्वस्तात पोट भरायला काही हवे म्हणून ब्लाय नावाच्या इंग्रज कप्तानाने १७९३ साली त्याची रोपे जहाजातून इकडे आणली. खारवलेल्या सुक्या माशाचेही तसेच. उत्तरेकडच्या थंड समुद्रातला हा मासा मीठ लावून पिंपांतून येई आणि हलक्यातला माल गुलामांच्या वाट्याला जाई. आज हेच पदार्थ तिथल्या बायका सणावारी कौतुकाने रांधतात. बार्बाडोसला मक्याचे पीठ आणि भेंडी एकत्र घोटून उकडीसारखा पदार्थ करतात, त्याबरोबर मासा. आम्हा सुक्या मासळीवर वाढलेल्यांना ते जेवण अजिबात परके वाटले नाही. मालकाने फेकलेल्या तुकड्यातून गरिबाच्या बाईने चव निर्माण केली, ही कथा सगळीकडे सारखीच.

ग्वाडेलूप : मताचा हक्क

नाताळनंतर छोट्या विमानाने आम्ही ग्वाडेलूपला गेलो. हे बेट आजही फ्रान्सचा भाग आहे. नाणे युरो, भाषा फ्रेंच आणि घरात बोलायची क्रिओल. नकाशावर ते फुलपाखरासारखे दिसते. एक पंख सपाट, उसाचा. दुसरा डोंगराळ, ज्वालामुखीचा.

इथला इतिहास ऐकून अंगावर काटा येतो. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर १७९४ साली इथली गुलामी रद्द झाली. लोक आठ वर्षे मोकळे जगले. आणि १८०२ साली नेपोलियनने सैन्य पाठवून ती पुन्हा लादली! लुई देल्ग्रेस हा काळा सैनिक अधिकारी त्या सैन्याशी लढला. पराभव अटळ दिसला तेव्हा, २८ मे १८०२ रोजी, त्याने आणि त्याच्या सुमारे तीनशे साथीदारांनी दारूगोळ्याला बत्ती देऊन स्वतःला उडवून घेतले, पण पुन्हा बेड्या घालून घेतल्या नाहीत. सोलितुद नावाची गर्भवती बाई या लढ्यात पकडली गेली. तिला बाळंतपणापर्यंत जिवंत ठेवले आणि बाळ जन्मल्याच्या दुसऱ्या दिवशी फासावर चढवले. रस्त्याच्या मधोमध तिचा पुतळा आहे, पोटावरून ती गर्भवती असल्याचे दिसते. आमच्या सहचारिणी तिथून लवकर हलायला तयार होईनात. मिळालेले स्वातंत्र्य परत काढून घेता येते, हा धडा ग्वाडेलूपने जगाला दिला आहे. संविधानाचे रक्षण करा, असे आपले कार्यकर्ते का सांगतात, ते यावरून समजावे. इथली गुलामी कायमची संपली ती १८४८ साली.

त्यानंतर उसासाठी मजूर हवे होते. ते कुठून आणले? आपल्या देशातून! १८५४ पासून पुढच्या पस्तीस वर्षांत सुमारे ४२ हजार भारतीय मजूर कराराने ग्वाडेलूपला नेले गेले. पाँडिचेरी, कारैकल, मद्रास आणि कलकत्ता या बंदरांतून ते गेले. आपली मराठी माणसेही त्या काळात मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर अशीच गेली होती. दुष्काळाने आणि सावकाराने गांजलेली ही माणसे. त्यांत अस्पृश्य मानलेल्या जातींचेही पुष्कळ होते. काळे पाणी ओलांडले की धर्म बुडतो, असे शास्त्र सांगत होते. जहाजावर सर्वांना एकाच भांड्यातले अन्न आणि एकाच पिंपातले पाणी. महिनोन् महिने तसे काढल्यावर सोवळे टिकणार कसे? मळ्यावर उतरल्यावर मुकादमाला जात नव्हे, हात हवे होते. त्यांच्या वंशजांत आज देवळे आहेत, सण आहेत, कोलोंबो नावाचे मसाल्याचे कालवण आहे. पण जातीची उतरंड टिकली नाही. जात सनातन आहे म्हणणाऱ्यांनी हे पाहावे. समुद्राच्या एका प्रवासाने जी मोडते ती सनातन कसली?

तरीही या मजुरांची अवहेलना संपली नाही. नुकतेच गुलामीतून सुटलेले लोकही त्यांना कमी मजुरीवर राबणारे म्हणून हिणवीत. आणि त्यांची मुले त्याच मातीत जन्मली तरी फ्रेंच सरकार त्यांना नागरिक मानीना, मताचा हक्क देईना. कपेस्तेर या गावच्या आंरी सिदांबारोम नावाच्या मजुराच्या मुलाने १९०४ साली हा प्रश्न हाती घेतला. आडनाव ऐकूनच कळते, हे आपले चिदंबरम. न्यायालय, अर्ज, पुन्हा न्यायालय असे करत एकोणीस वर्षे तो लढला. १९२३ साली फ्रेंच सरकारने मान्य केले की भारतीय मजुरांची मुलेही नागरिक आहेत आणि त्यांना मताचा हक्क आहे. हा लढा चालू असतानाच, जानेवारी १९१९ मध्ये, इकडे मुंबईत बाबासाहेब साउथबरो समितीपुढे अस्पृश्यांच्या मताधिकाराची बाजू मांडत होते. दोघांना एकमेकांचे नावही ठाऊक नसेल. पण मत हे गरिबाचे हत्यार आहे, हे दोघांनी एकाच काळात ओळखले.

प्वाँतापित्र शहरात, जुन्या साखर कारखान्याच्या जागेवर, २०१५ साली गुलामीच्या इतिहासाचे मोठे स्मारक-संग्रहालय उभे राहिले. जिथे आजोबांचा घाम गाळला गेला, तिथेच नातवंडांनी आठवण जतन केली.

डोमिनिका : विकता न येणारी जमीन

ग्वाडेलूपहून फेरीबोटीने दोन-अडीच तासांत डोमिनिका येते. लाटा मोठ्या असतात. ज्यांना बोट लागते त्यांनी पोटात थोडे कमी ठेवून बसावे. हे बेट म्हणजे समुद्रातून उठलेला हिरवा डोंगरच. लोकसंख्या सत्तर हजारांच्या आसपास. कोलंबस इथे रविवारी आला म्हणून त्याने रविवारच्या नावाने डोमिनिका म्हटले. मूळ रहिवाशांचे नाव वेगळे होते, वाइतुकुबुली. कोलंबस येण्यापूर्वीपासून या बेटांवर राहणारे ते कालिनागो लोक. बाकीच्या बहुतेक बेटांवर त्यांचे नामोनिशाण उरले नाही. इथल्या डोंगरांनी त्यांना वाचवले.

१९०३ साली ब्रिटिशांनी ३,७०० एकर जमीन त्यांच्यासाठी राखून ठेवली. पूर्व किनाऱ्यावरच्या या भागात आज सुमारे तीन हजार कालिनागो राहतात. ही जमीन सर्वांच्या सामाईक मालकीची. समाजातल्या माणसाने मोकळी जागा पाहून घर बांधावे, कसावे. पण ती विकता येत नाही, गहाणही टाकता येत नाही. त्यामुळे बँक कर्ज देत नाही, ही तरुणांची अडचण. पण त्यामुळेच ती सावकाराच्या आणि हॉटेलवाल्याच्या घशात गेली नाही, ही म्हाताऱ्यांची बाजू. आम्ही दोन्ही बाजू ऐकल्या. आम्हाला महार वतनाची आठवण झाली. तुटपुंज्या जमिनीपायी सारे गाव आपल्याला राबवी, म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली विधिमंडळात त्याविरुद्ध विधेयक आणले. पुढे कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९६४ साली भूमिहीनांचा मोठा सत्याग्रह केला. जमीन असणे आणि जमीन आपल्या सन्मानाची असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कालिनागोंना दुसरी गोष्ट काही अंशी तरी साधली आहे.

रस्त्याकडेला एक बाई बांबूसारख्या वेताच्या पट्ट्यांच्या टोपल्या विणत होती. आपल्याकडे टोपली विणणाऱ्याला त्याची जात चिकटते. तिथे ही कला साऱ्या समाजाची शान आहे. शेजारी तव्यावर कसावाची भाकरी भाजली जात होती. ज्या प्रकारच्या कंदापासून आपला साबुदाणा होतो, तोच हा कंद. याच्या कडू जातीत विष असते. किसून, पिळून ते काढून टाकायचे आणि मग भाजायचे, ही विद्या या लोकांची.

१८ सप्टेंबर २०१७ च्या रात्री मारिया चक्रीवादळाने या बेटावरची बहुतेक घरांची छपरे उडवली आणि डोंगर एका रात्रीत उघडेबोडके झाले. काही घरांचे नुसते चौथरे आम्हालाही दिसले. पण लोक पुन्हा उभे राहिले. आणि २०२३ साली याच कालिनागो समाजातल्या सिल्व्हानी बर्टन या बाई डोमिनिकाच्या राष्ट्राध्यक्ष झाल्या. त्या पदावरच्या पहिल्या कालिनागो आणि पहिल्या महिला.

सेंट लुसिया : कारकुनाचा पोरगा नव्हे, कारकूनच!

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही फेरीबोटीने सेंट लुसियाला उतरलो. राजधानी कॅस्ट्रीजच्या बंदरात सहलीची अवाढव्य जहाजे उभी असतात. गावातली इमारत त्यांच्यापुढे ठेंगणी वाटते. पाहुणे सकाळी उतरतात, संध्याकाळी जहाजावर जेवायला परततात. गावाच्या पदरात किती पडते, हा प्रश्न तिथलेही लोक विचारतात. हंगाम संपला की हॉटेलांतले अनेक हात रिकामे होतात.

पण याच बंदरापासून चालत गेले की एक चौक लागतो. पूर्वी त्याला कोलंबसचे नाव होते. १९९३ साली ते काढून याच गावात जन्मलेल्या डेरेक वॉलकॉट या कवीचे दिले. वॉलकॉट यांना १९९२ साली साहित्याचे नोबेल मिळाले. त्याआधी, १९७९ साली, याच बेटाच्या सर आर्थर लुईस यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले होते. दोघांचेही अर्धपुतळे त्या चौकात आहेत. दोघांचाही वाढदिवस २३ जानेवारी. लोकसंख्या दोन लाखांच्या आत आणि नोबेल दोन! म्हणून दरवर्षी जानेवारीत इथे नोबेल सप्ताह साजरा होतो.

लुईस यांची गोष्ट आम्हाला फार जवळची वाटली. वडील गेले तेव्हा ते सात वर्षांचे होते. आईने पाच मुलगे एकटीने वाढवले. चौदाव्या वर्षी शाळा संपली, पण शिष्यवृत्तीच्या परीक्षेला वय कमी पडत होते. म्हणून त्यांनी सरकारी कचेरीत कारकुनी केली. टंकलेखन, फायली लावणे, कामातला नीटनेटकेपणा ते तिथेच शिकले. इंजिनिअर होण्याची इच्छा होती. पण काळ्या इंजिनिअरला कोणी नोकरी देणार नाही, हे ठाऊक होते. शिष्यवृत्ती मिळवून ते १९३३ साली लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये गेले आणि पहिल्या वर्गात बी.कॉम. झाले. होय, बी.कॉम.! आम्हीही कारकून आणि आम्हीही बी.कॉम.; तेव्हा हे ऐकून छाती थोडी फुगली, हे लपवून काय करायचे? आणि याच संस्थेने त्याच्या दहा वर्षे आधी, १९२३ साली, आपल्या बाबासाहेबांच्या रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाला डी.एस्सी. दिली होती. एक उसाच्या बेटावरच्या गुलामांचा वंशज, एक गावकुसाबाहेरच्या समाजाचा पुत्र. दोघेही एकाच दरवाजातून आत गेले आणि जगाला अर्थशास्त्र शिकवून बाहेर आले.

लुईस यांची समाधी टेकडीवरच्या, त्यांचेच नाव दिलेल्या महाविद्यालयाच्या आवारात आहे. आम्ही फुले ठेवली. आजूबाजूला मुले-मुली वह्या घेऊन वर्गात चालली होती. याहून चांगली समाधी कोणती?

हिशेब

घर, मत, जमीन आणि शाळा. गुलामीची बेडी तुटली तरी या चार गोष्टी एकेक करून मिळवाव्या लागल्या, आणि अजूनही पुऱ्या मिळालेल्या नाहीत. महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जनांना अर्पण केला होता. बाबासाहेबांनीही गुलाम आणि अस्पृश्य यांची तुलना करून दाखवले की, गुलाम हा मालकाची मालमत्ता म्हणून तरी जपला जाई. अस्पृश्याची जबाबदारी मात्र कोणावरच नव्हती. आपली वाट म्हणूनच अधिक लांब आहे. पण त्या लोकांकडून एक गोष्ट आपण आजच उचलू शकतो. त्यांनी आपल्या दुःखाची लाज बाळगली नाही. जिथे फटके बसले तिथे पुतळे उभारले, जिथे राबले तिथे संग्रहालय बांधले, शत्रूचे नाव पुसून चौकाला आपल्या कवीचे नाव दिले.

असा प्रवास खर्चाचा आहे. आम्ही भाच्याच्या घरी आणि स्वस्त खोल्यांत राहिलो, साध्या बसने फिरलो, म्हणूनच जमले. हौसेपायी कोणी कर्ज काढून जाऊ नये. ज्यांची मुले परदेशी आहेत त्यांनी संधी मिळाल्यास जावे. प्रत्येक बेटाचे प्रवेशाचे नियम निराळे आहेत, ते आधी विचारून घ्यावेत. ज्यांना जाता येणार नाही त्यांनी एवढेच करावे. घरात वृद्ध आजी-आजोबा असतील तर त्यांना विचारावे : आपले घर किती वेळा मोडले, जमीन कशी गेली, पहिले मत कधी दिले, शाळेत पहिला कोण गेला? मुलांनी ते वहीत लिहून ठेवावे आणि रविवारी विहारात वंदनेनंतर वाचून दाखवावे. आमच्या विहारात आम्ही हे सुरू केले आहे. पहिली वही एका पंच्याहत्तर वर्षांच्या मावशींची भरली. त्यांना स्वतःला लिहिता येत नाही. त्या सांगतात आणि नववीतली नात लिहिते.

जयभीम!